कॉर्पोरेट राज्य म्हणजे कंपन्यांचे राज्य नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकातील लेखात मुसोलिनीच्या इटलीला 'कॉर्पोरेट राज्य' म्हटले आहे आणि लगेच त्याचा अर्थ 'बड्या कंपन्यांची सत्ता' असा लावला आहे. ही चूक मराठीत वारंवार होते. तिथे 'कॉर्पोरेशन' म्हणजे कंपनी नव्हे. एकेका धंद्यातले मालक आणि कामगार सरकारच्या मुठीत एकत्र आणणारे ते मंडळ होते.

ही कल्पना कायद्यात उतरवली आल्फ्रेदो रोक्को यांनी. १८७५ मध्ये नेपल्सला जन्मलेले रोक्को व्यापारी कायद्याचे नाणावलेले प्राध्यापक. पुढे ते राष्ट्रवादी संघटनेचे विचारवंत झाले. ती संघटना १९२३ मध्ये फॅसिस्ट पक्षात विलीन झाली आणि जानेवारी १९२५ मध्ये रोक्को न्यायमंत्री झाले. माणसे येतात-जातात, राष्ट्र टिकते, म्हणून व्यक्तीने राष्ट्राच्या कामी यायचे, अशी त्यांची धारणा होती.

त्यांचा ३ एप्रिल १९२६ चा कायदा मुळातून समजून घ्यावा असा आहे. एका धंद्यात सरकारमान्य कामगार संघटना एकच. धंद्यातले दहा टक्के कामगार तिचे सभासद असले तरी पुरे, पण तिने केलेला करार सर्वांवर बंधनकारक आणि वर्गणीही सर्वांकडून वसूल. पुढाऱ्यांची राष्ट्रनिष्ठा सरकारला पटली पाहिजे. संप आणि टाळेबंदी दोन्ही गुन्हे. तंटा झालाच, तर कामगार न्यायालयात जायचे. एकाच मान्यताप्राप्त युनियनचा जाच काय असतो, हे गिरणगावाने १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली सोसले आहे. अर्थात आपल्याकडे संपावर अशी सरसकट बंदी नव्हती, आणि हा फरक फार मोठा आहे.

प्रत्यक्षात २२ मंडळे १९३४ मध्ये स्थापन झाली, तोवर रोक्को मंत्रिपदावरून गेले होते. १९३५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी १९३० ची दंडसंहिता मात्र अनेक दुरुस्त्यांसह आजही इटलीत लागू आहे. तिच्यातले संप आणि टाळेबंदीला गुन्हा ठरवणारे कलम घटना न्यायालयाने १९६० मध्ये रद्द केले, म्हणजे मुसोलिनीनंतर पंधरा वर्षांनी.

त्या राजवटीत मालकवर्गाचे फावले, हे लेखकाचे म्हणणे मला मान्य आहे. पण कामगाराचा आवाज तिथे कंपनीने नव्हे, सरकारच्या कायद्याने बंद केला. कृपया याचा खुलासा छापावा.

आपला,
एक निवृत्त वकील, परळ, मुंबई