डॉक्टर, ती गाज समुद्राची नव्हती

आदरणीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

गेल्या श्रावणात मी वेंगुर्ल्याहून तुमच्याकडे आले, तेव्हा स्टिरॉइडने तोंड सुजलं होतं, साखर चढली होती आणि तीन गोळ्या घेऊनही वरचं बीपी १८०च्या खाली उतरत नव्हतं. वय ४१. एका मोठ्या हॉस्पिटलात व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे रक्तवाहिन्यांचा दाह, त्यातही टाकायासू असल्याचं सांगितलं होतं.

तुम्ही फाइल मिटून विचारलंत, "आणखी काय होतं?" मी सहज बोलून गेले, उशीला कान टेकला की गाज ऐकू येते, घर किनाऱ्यालाच, तेव्हा त्यात नवल ते काय! तुम्ही म्हणालात, "आज रात्री मनगटाची नाडी धरून ऐका." त्या रात्री अंगावर काटा आला. गाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मानेला आणि पोटाला स्टेथोस्कोप लावून कितीतरी वेळ ऐकत राहिलात. मग अँजिओची सीडी स्वतः लावून पाहिलीत. स्टिरॉइड सुरू होण्याआधीचे ईएसआर, सीआरपी, म्हणजे दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या चाचण्या, नॉर्मल होते, पण तेवढ्यावरून टाकायासू नाही असं म्हणता येत नाही, हे तुम्हीच बजावलंत. टाकायासूत महाधमनी आणि तिच्या फांद्यांची मुळं धरतात, भिंत जाड होते. माझी महाधमनी स्वच्छ होती. मूत्रपिंडाची धमनी मात्र मुळापासून पुढे, मधल्या भागात, आवळलेली-फुगलेली, आवळलेली-फुगलेली. तुम्ही चिठ्ठीच्या पाठीवर ती काढून दाखवलीत आणि मी म्हटलं, "हा तर सुरंगीचा वळेसर!" डॉक्टर लोक त्याला मण्यांची माळ म्हणतात, हे तेव्हा कळलं. आजाराचं नाव फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेझिया. धमनीच्या भिंतीची घडणच बिघडते, बहुतेक बायकांमध्ये. दाहच नाही, तर स्टिरॉइड कशावर चालणार?

पहिल्या डॉक्टरांवर माझा राग नाही. आपल्याकडे बाईमाणसाची अशी धमनी अरुंद दिसली की आधी टाकायासूच मनात येतो. पण मी भीतीपोटी स्टिरॉइड एकदम टाकून देणार होते. तुम्ही हात धरून थांबवलंत आणि आठवड्या-आठवड्याने उतरवलंत. त्याचे आभार कोणत्या शब्दांत मानू?

फुग्याने धमनी रुंद केली, स्टेंट घालावा लागला नाही. आता एका गोळीवर बीपी १३०/८० असतं. ॲस्पिरिन चालू आहे. कानातली गाज, म्हणजे मानेतल्या धमनीतल्या रक्ताचा आवाज, थोडी उरली आहे, पण आता तिची भीती वाटत नाही. मार्चमध्ये मानेच्या डॉप्लरला, म्हणजे धमन्यांच्या सोनोग्राफीला, येईन. तेव्हा सुरंगी फुललेली असेल. तुमच्या टेबलावर एक वळेसर ठेवीन.

तुमची कृतज्ञ,
वेंगुर्ल्याची पेशंट