पॅनलच्या दारामागचा कागद: अण्णांना आभाराचं पत्र

आदरणीय अण्णा,

सा. नमस्कार.

बॉयलरच्या पॅनलच्या दारामागं तुम्ही मार्करनं लिहून चिकटवलेला कागद अजून तिथंच आहे. पावसाळ्यात गोकुळ शिरगावात पॅनलच्या पत्र्यालाही घाम फुटतो, म्हणून त्यावर प्लॅस्टिक चढवलंय. पहिली ओळ ‘रिसेटच्या आधी वाच’. आम्हाला हा पॅनल शिकवायला चार सोमवार, एमआयडीसीच्या सुट्टीचे, तुम्ही मोडलेत. त्याचे आभार मानायला हे पत्र.

पॅनल म्हणजे हिरवं बटण आणि लाल बटण, एवढंच बहुतेक ठिकाणी शिकवतात. तुम्ही आधी क्रम शिकवलात. स्टार्ट दिला की ब्लोअर, मग एअर प्रेशर स्विचचा होकार, डँपर (हवेची झडप) पूर्ण उघडा, आपल्या बर्नरला ४० सेकंद पर्ज, म्हणजे आत उरलेला गॅस हवेनं बाहेर काढणं. मग डँपर लो-फायरला (मंद आचेला), स्पार्क, पायलटचा (छोट्या पहिल्या ज्योतीचा) व्हॉल्व्ह, आणि ३ सेकंदांत ज्योत दिसली नाही तर लॉकआउट, म्हणजे रिसेट करेपर्यंत बर्नर बंद. बर्नर कुठल्या पायरीवर अडला ते कळलं की निम्मा दोष सापडला. पर्जच सुरू होत नसेल तर एअर स्विचची नळी किंवा डँपरचा लिमिट स्विच बघायचा. स्पार्कनंतर अडला तर इलेक्ट्रोड आणि पायलटचा गॅस. पायलट लागून मेन गॅस व्हॉल्व्ह उघडताच विझला, तर गॅस ट्रेनचा (बर्नरकडं येणाऱ्या गॅसच्या पाइप-व्हॉल्व्हच्या रांगेचा) फिल्टर. फिल्टर तुंबला तरी बंद बर्नरवर प्रेशर बरोबरच दिसतं, गॅस वाहायला लागला की पडतं. म्हणून गेज बर्नर चालू असताना बघायचा, हे तुम्ही आम्हाला हात धरून दाखवलंत.

लॉकआउट दोनदा झाला की तिसऱ्यांदा रिसेटला बोट लावायचं नाही, हा तुमचा नियम तिन्ही शिफ्टला पाळला जातो. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात थोडा न जळलेला गॅस फर्नेसमध्ये जातो. पर्ज तो बाहेर काढतो, पण डँपर खरोखर उघडत असेल तरच. स्क्रीनवर १०० टक्के दिसतं आणि लिंकेजचा (मोटर आणि डँपर जोडणाऱ्या दांड्याचा) स्क्रू सैल असेल तर डँपरचं पातं जागचं हलत नाही. आता महिन्यातून एकदा आम्ही पात्याकडं बघून खात्री करतो.

ज्योत डोळ्यांना दिसते आणि पॅनल म्हणतं ज्योत नाही, या कोड्यानं पूर्वी ज्योत ओळखणारा सेन्सर बदलण्यात पैसे गेले असते. तुम्ही आयनायझेशनच्या (ज्योतीतून करंट जातो का यावरून ज्योत ओळखणाऱ्या सळीच्या) वायरमध्ये डीसी मायक्रोअँपिअर मीटर सिरीजमध्ये लावून दाखवलात. लाईटवर आकडा ठणठणीत, जनरेटरवर घेतलं की शून्याजवळ. हा करंट ज्योतीतून अर्थिंगला जातो. जनरेटरचा न्यूट्रल अर्थला बांधलेला नसेल तर त्याला परतीची वाटच नाही. फेज-न्यूट्रल उलटे जोडले गेले तरी हेच होतं. म्हणून वायरमन काम करून गेला की पहिल्यांदा न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज मोजायचा. तो शून्याच्या आसपासच असला पाहिजे.

सगळ्यात मोठा उपकार मात्र ट्रान्समीटरच्या (वाफेचं प्रेशर करंटच्या रूपात पॅनलला कळवणाऱ्या सेन्सरच्या) रेंजचा. आपला ट्रान्समीटर ० ते १६ किलो प्रेशरचा, ४ ते २० मिलीअँपिअर देणारा. प्रेशर ८ असताना १२ मिलीअँपिअर. पॅनलमध्ये कुणी रेंज ० ते १० टाकली तर तोच १२ मिलीअँपिअर ५ दाखवतो. सेटपॉइंट ८ गाठायला खरं प्रेशर १२.८ लागेल. त्याच्या आधी १० ला हाय-लिमिट स्विच बर्नर तोडेल आणि १०.५ ला सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, म्हणून अनर्थ टळेल. पण कंट्रोलचं काम त्या दोघांच्या गळ्यात पडणं चुकीचंच. बॉयलर थंड असताना ही चूक दिसतच नाही, शून्याला दोन्ही शून्यच. म्हणून पॅरामीटर (पॅनलमधलं सेटिंग) कुणीही हलवला की शेलवरच्या (बॉयलरच्या टाकीवरच्या) गेजशी ४ ला आणि ८ ला, दोनदा ताळा करायचा. ताळा झाल्यावर वहीत सही.

कट-इन (बर्नर सुरू व्हायचं प्रेशर) आणि कट-ऑफ (बंद व्हायचं) यांत अंतर ठेवायचं हेही तुमच्यामुळंच पटलं. आधी ८ आणि ८.३ होतं, बर्नर सारखा सुरू-बंद. प्रत्येक पर्जमध्ये थंड हवा नळ्यांतली उष्णता घेऊन चिमणीतून जाते, गॅसचं बिल तिथंच वाढतं. आता ७.५ ला सुरू, ९ ला बंद, मध्ये पीआयडी (ज्योत कमी-जास्त करणारा कंट्रोल) सांभाळतं. ऑटो-ट्यून, म्हणजे पीआयडीनं आपले आकडे स्वतः शोधणं, लोड स्थिर असतानाच घ्यायचा. प्रोसेसवाल्यांनी मधेच मोठा व्हॉल्व्ह उघडला तर आकडे चुकीचे बसतात आणि सर्व्हो (डँपर हलवणारी मोटर) दिवसभर वरखाली होत राहतो.

पाण्याच्या लेव्हलबद्दल तुम्ही रागावला होतात, आणि रागावणं रास्तच होतं. लो-लो लेव्हलच्या (पाणी धोक्याइतकं कमी झालं की बर्नर तोडणाऱ्या) रिलेला वायरचा तुकडा, म्हणजे जंपर, लावून बर्नर चालू ठेवणं म्हणजे कोरड्या नळ्यांवर आग. आता प्रत्येक शिफ्टला मोब्रे (तरंगत्या गोळ्याचा लेव्हल स्विच) ब्लो-डाऊन करून, म्हणजे त्यातलं पाणी सोडून, बर्नर खरंच तुटतो का ते बघतो. ज्या बॉयलरला लेव्हल बघायला प्रोब (सळी) आहे, त्याला कंडेन्सेट (वाफेचं परत आलेलं पाणी) जास्त यायला लागलं की पाण्याची कंडक्टिव्हिटी उतरते आणि प्रोबला पाणी असून दिसत नाही. तेव्हा रिलेची सेन्सिटिव्हिटी बदलायची, जंपर नाही.

टायमर फक्त रात्री सेटपॉइंट ५ ला उतरवायला. अटेंडंट हजर नसताना बर्नर पेटवायला टायमर वापरायचा नाही. पॅनलच्या घड्याळाची बॅटरी गेली तर वारच चुकतो, म्हणून मंगळवारी सकाळी आधी तारीख बघतो, मग स्टार्ट. थंड शेल २ किलोपर्यंत लो-फायरवरच.

हवा-गॅसच्या कर्व्हला (किती गॅसला किती हवा या सेटिंगला) अजून कुणी हात लावलेला नाही. एलपीजीवरून पाइपच्या गॅसवर गेलो की रेग्युलेटर आणि गॅसचा नोझल यांच्याबरोबर हा कर्व्हही नव्यानं बसवायला लागणार. चिमणीच्या धुराला अ‍ॅनालायझर लावून, हाय-फायरला (पूर्ण आचेला) ऑक्सिजन ३ ते ४ टक्के आणि सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १०० पीपीएमच्या आत, असं तुम्ही लिहून ठेवलंय. त्या दिवशी तुम्ही समोर असावं असं सगळ्यांना वाटतं. गाडी पाठवतो.

सोबत पॅरामीटरच्या वहीची झेरॉक्स जोडली आहे. चौथ्या पानावरचा सर्व्होचा इंटिग्रल टाइम ४५ सेकंद आम्ही ठरवलाय, तेवढा नजरेखालून घालून कळवा.

आपले,
बॉयलर हाऊसमधली तिन्ही शिफ्टची मंडळी
गोकुळ शिरगाव एमआयडीसी, कोल्हापूर