'डेनिस द मेनेस' मुलांना दाखवताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीत मुलांना दाखवण्याजोग्या चित्रपटांच्या आपल्या यादीत 'डेनिस द मेनेस' (१९९३) आहे, याचा आनंद झाला. पण 'खोडकर मुलाची धमाल' एवढ्याच ओळीत त्याची बोळवण व्हायला नको होती.

व्यंगचित्रकार हँक केचम यांच्या चित्रमालिकेतला डेनिस १२ मार्च १९५१ रोजी अमेरिकेतल्या १६ वृत्तपत्रांत अवतरला. त्याच महिन्यात ब्रिटनच्या 'बीनो' या चित्रकथांच्या साप्ताहिकात त्याच नावाचा दुसरा पोरगा आला. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. म्हणूनच ब्रिटनमध्ये हा चित्रपट नुसत्या 'डेनिस' नावाने लागला. ब्रिटिश डेनिस मुद्दाम छळतो. अमेरिकन डेनिस मदतीला धावतो आणि घोळ घालतो. चित्रपटाची सगळी गंमत या फरकावर उभी आहे.

ॲस्पिरिनचा प्रसंग पाहा. पोराला टाळायला शेजारचे मिस्टर विल्सन अंथरुणात झोपेचे सोंग घेतात. डेनिसला वाटते, आजोबा आजारी आहेत. औषध तर द्यायलाच हवे, म्हणून तो गोळी गलोलीत धरतो आणि उघड्या तोंडात नेम धरून मारतो. सोंग घेतले असल्याने विल्सनना 'थांब' म्हणता येत नाही. आपल्याच लबाडीत ते अडकतात. कवळीचेही तसेच. पुढचे दोन दात हरवले, तर डेनिस त्या जागी च्युइंगगमच्या पांढऱ्या वड्या बसवतो. त्याच्या लेखी ती दुरुस्ती असते. फजिती होते ती विल्सन वर्तमानपत्राच्या फोटोसाठी हसतात तेव्हा.

बालनाट्य बसवणारे इथेच चुकतात. मुलाला चलाख करतात, खोडी काढण्याआधी त्याला प्रेक्षकांकडे पाहून डोळा मारायला लावतात. मग म्हातारा नुसता बिचारा उरतो आणि मूल दुष्ट दिसते. मुलाने चेहरा गंभीर ठेवायचा, वस्तू आधी नीट दाखवायची, काम मन लावून करायचे आणि नंतर तीनचार सेकंद कोणीही बोलायचे नाही. हशा म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर पिकतो. मिस्टर विल्सन झालेले वॉल्टर मॅथाऊ या कामात उस्ताद होते. ओघळलेल्या गालांनी आणि नुसत्या नजरेने ते प्रसंग पेलतात. मिसेस विल्सन झालेल्या जोन प्लोराइट यांची माया नसती, तर मिस्टर विल्सन यांचा तिरसटपणा सोसवला नसता.

म्हाताऱ्याचे काहीतरी खरोखर पणाला लागावे लागते. विल्सन एक रोप जवळजवळ ४० वर्षे जपतात. ते एकदाच, काही क्षण फुलणार असते. नेमक्या त्या क्षणी डेनिस घरात चोरी झाल्याचे सांगत धावत येतो, सगळ्यांच्या माना वळतात आणि फूल मिटते. पोराची बातमी खरी, म्हाताऱ्याचा संतापही खरा. मुलांशी थांबून बोलावे, असा प्रसंग हाच.

त्यानंतरचा चोराचा भाग मात्र फिका आहे. पटकथाकार जॉन ह्यूज यांनी 'होम अलोन'मध्ये (१९९०) चोरांची जी पिटाई केली, तीच इथे पुन्हा आहे. चोराची भूमिका करणारे क्रिस्टोफर लॉइड फार भीतीदायक दिसतात. पाच वर्षांखालच्या मुलांना तो भाग एकट्याने पाहू देऊ नये.

आणखी एक. डेनिस गुळण्या करण्याच्या औषधाच्या बाटलीत संडास साफ करण्याचे द्रावण भरतो. ते पडद्यावर हसण्यावारी जाते, पण आपल्याकडे फिनेल आणि ॲसिड सरबताच्या जुन्या बाटल्यांत भरून ठेवणारी घरे कमी नाहीत. असे द्रावण पोटात गेल्यास उलटी करवू नये. बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठावे. झोपलेल्याच्या तोंडात टाकलेली गोळी श्वासनलिकेत अडकू शकते, हेही मुलांना त्याच वेळी सांगावे. पुढच्या यादीत प्रत्येक चित्रपटापुढे वयोगट आणि अशी एखादी सूचना छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा