फुगा उडवायचा नाही, तोलायचाय

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर

विषय : गरम हवेच्या लहान फुग्याची दोरांना बांधून चाचणी घेण्यासाठी जागा आणि लेखी उत्तर मिळणेबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

शिवाजी उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. उसाच्या ट्रॉल्या, शेडचे ट्रस, गुऱ्हाळाच्या काहिली अशी कामं करत आलो. गेली दोन वर्षं मात्र रविवारी शटर अर्धं खाली ओढून आम्ही चौघं वेगळंच काहीतरी करतोय. मी, फिजिक्सचे एक निवृत्त मास्तर, इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले आणि आयुष्यभर ताडपत्री शिवलेले आमचे मामा. आम्ही माणूस उचलणारा गरम हवेचा फुगा बनवतोय. बास्केट तयार आहे, बर्नर बसवायची फ्रेम तयार आहे, कापड निम्म्याच्या वर शिवून झालंय. बर्नर आणि त्याचे सिलिंडर घरचे नाहीत, ते प्रमाणित कंपनीचेच येतील. आगीशी जुगाड करायचा नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं.

हे पत्र खुलं लिहायचं कारण, बंद पाकिटातली चार पत्रं कुठं गेली ते कळलं नाही. एका कार्यालयात आम्हाला करमणुकीच्या कार्यक्रमाचा अर्ज भरायला सांगितला. त्यात 'तिकीट दर' असा रकाना होता. मास्तरांनी तिथं 'निरंक' लिहिलं, तर अर्ज अपूर्ण म्हणून परत. दुसरीकडे म्हणाले, ड्रोनचं पोर्टल बघा. तिसऱ्या टेबलावरच्या साहेबांनी विचारलं, "जाहिरातीचा फुगा हाय न्हवं? मग जाहिरातीची फी भरा." आम्ही म्हटलं, यात माणूस बसणार आहे. त्यांनी चष्मा काढून आमच्याकडे बघितलं आणि चहा मागवला. चहा चांगला होता. कागद तिथंच आहे.

दिल्लीचा भाग आम्हाला ठाऊक आहे. 1934 च्या विमान कायद्याच्या व्याख्येतच फुगे होते, बांधलेले आणि सुटे असे दोन्ही. त्या कायद्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, 2024 ने घेतली आहे. म्हणजे आमचं हे बोचकं कायद्याने विमानच. माणूस बसवायचा तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालय आणि परवानाधारक फुगा-पायलट यांच्याशिवाय चालणार नाही, आणि चालूही नये. ते आम्ही बघू. पण जागा, पोलीस, अग्निशमन, महावितरण, उजळाईवाडीच्या विमानतळाची ना-हरकत हे सगळं जिल्ह्यातलं आहे आणि ते एका टेबलावर आणणारी खुर्ची एकच आहे.

आता फुग्याबद्दल. आमचा फुगा 1000 घनमीटरचा. फुगला की पाच मजली इमारतीएवढा, तरी या धंद्यात तो लहानच. तीन-चार माणसं नेणारा याच्या दुपटीहून मोठा असतो. आत हवा तापवली की ती विरळ होते आणि बाहेरच्या जड हवेत फुगा तरंगतो, एवढं शाळेत शिकवतात. शाळेत शिकवत नाहीत ते हे, की उचल किती हे आतल्या उष्णतेएवढंच बाहेरच्या थंडीवर ठरतं. लहानपणी दिवाळीत पतंगाच्या कागदाचा फुगा करायचो, खाली तेलात भिजवलेला बोळा. पहिल्या अंघोळीच्या पहाटे तो कौलांवरून पार जायचा. हट्टानं एकदा दुपारी सोडला, तर अंगणातच लोळला आणि पेटला. आईचा मारही आठवतोय.

मास्तरांनी तोच हिशेब मोठ्या फुग्याचा मांडला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, म्हणजे हवा इथं मुळातच थोडी पातळ. डिसेंबरची पहाट, बाहेर 17 अंश, फुग्यात 95 अंश, तर एका घनमीटरमागे 240 ग्रॅमच्या आसपास उचल. 1000 घनमीटरला 240 किलो. एप्रिलच्या दुपारी बाहेर 36 अंश असताना तोच फुगा, तीच आतली उष्णता, तर 170 किलो. यातून आमचं स्वतःचं ओझं वजा करा : कापड आणि पट्ट्या 55, बास्केट 40, बर्नर आणि फ्रेम 20, दोन भरलेले सिलिंडर 40. एकूण 155. पहाटे हातात उरतात 85 किलो, म्हणजे एक माणूस आणि एखादी पिशवी. दुपारी उरतात 15. एक पोरगंही उचलायचं नाही.

आत जास्त तापवा की, असं आपण म्हणाल. तापवता येतं. पण कापड नायलॉनचं, माथ्यावरची उष्णता 120 अंशांच्या वर न्यायची नाही आणि त्या मर्यादेजवळ रोज नेलं तर कापडाचं आयुष्य भराभर घटतं. आमचे मामा म्हणतात, ताडपत्री आधी शिवणीत फाटते, फुगाही तिथंच फाटणार. म्हणून प्रत्येक शिवण दुमडून दोन सुयांची घातलीय आणि वजन कापडावर न येता उभ्या पट्ट्यांवर येईल असं केलंय.

गॅसची गंमत आणखी वेगळी. घरच्या सिलिंडरमधून वरची वाफ निघते. फुग्याच्या बर्नरला ती पुरत नाही. तिथं सिलिंडरच्या तळापासून नळीनं द्रवरूप गॅस घेतात, तो बर्नरच्या तापलेल्या वेटोळ्यातून जाताना वाफ होतो आणि माणसापेक्षा उंच ज्योत निघते. शिवाय स्वयंपाकाच्या गॅसमध्ये ब्युटेन असतो. ब्युटेन उकळतो शून्य अंशाच्या आसपास, प्रोपेन उणे 42 ला. त्यामुळे ज्या थंडीत फुगा चांगला उचलतो त्याच थंडीत घरचा गॅस आळसावतो, दाब पडतो. आम्हाला प्रोपेन पाहिजे. चार माणसांचा फुगा तासाला 30 किलोच्या आसपास खातो, आमचा त्याहून कमी. पुरवठा शाखेनं हा गॅस रीतसर कुठून घ्यायचा एवढं सांगितलं तरी आमचे दोन महिने वाचतील.

दोराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्या टेबलांवर हेच ऐकलं : "बांधलेलाच आहे ना, मग काय भीती?" भीती बांधल्यावरच जास्त आहे, साहेब. सुटा फुगा वाऱ्याबरोबर जातो, त्यामुळे बास्केटमधल्या माणसाला वारा जाणवतच नाही. बांधलेल्या फुग्याला वारा थोपवून धरावा लागतो. ताशी 18 किलोमीटर वाऱ्याला आमच्या फुग्यावरची आडवी ओढ ढोबळ हिशेबानं 85 किलो. वारा दुप्पट झाला की ओढ चौपट, साडेतीनशेच्या घरात. वर कापड एका बाजूनं दबतं आणि गरम हवा तोंडातून बाहेर सांडते ते वेगळंच. म्हणून तीन दिशांना तीन दोर, प्रत्येक दोर भरलेल्या उसाच्या ट्रॉलीला, आणि वारा ताशी 10 किलोमीटरच्या वर गेला की काम बंद. वारामापक माझ्या खांबावर असेल, पण बंद करायचा हुकूम अग्निशमनच्या माणसाचा. आमच्या चौघांचा त्या दिवशी मोह होणार, हे लिहून ठेवतो.

अपघात आम्ही वाचलेत. 2013 मध्ये इजिप्तच्या लक्सरला फुगा उतरत असताना आग लागली, तो पेटता परत वर गेला, 19 माणसं गेली. 2016 मध्ये टेक्सासात फुगा विजेच्या तारांना लागला, 16 गेले. आपल्या जिल्ह्यात उसाच्या फडावरून तारा कशा गेल्यात ते आपण रोज गाडीतून बघता. म्हणून जागा निवडताना महावितरणचा माणूस सोबत पाहिजे.

जागेबद्दल लोक दोन नावं सुचवतात. तपोवन मैदान म्हणतात, पण कोल्हापुरात जेसीबी खड्डा काढत असला तरी शंभर माणसं उभी राहतात, तिथं फुगा काढला तर दोर कुठं बांधायचे? मसाई पठार म्हणतात. तिथं वारा थांबत नाही आणि खुंट्या ठोकून पठाराची वाट लावायची आमची इच्छा नाही. आम्हाला करवीर किंवा पन्हाळा तालुक्यातलं एखादं गायरान द्या, विमानतळापासून लांब, तारांपासून लांब, डिसेंबर-जानेवारीतल्या सहा पहाटांसाठी. सूर्योदयापासून दोन तास. त्यानंतर ऊन जमीन तापवतं, हवेचे झोत वर यायला लागतात आणि फुगेवाल्यांनी गाशा गुंडाळायचा असतो.

पहिल्या चार पहाटांना माणूस बसणारच नाही. बास्केटमध्ये 20 लिटरचे पाण्याचे जार ठेवणार, एकेक वाढवत नेणार आणि दोराला काटा लावून उचल मोजणार. वाळूची पोती घेतली नाहीत, कारण गडबड झाली तर पाणी नळ उघडून सोडता येतं, पोतं कुणाच्या तरी डोक्यात पडतं. फ्रान्समध्ये 1783 साली मोंगोल्फिए बंधूंनी हेच क्रमानं केलं होतं. सप्टेंबरात मेंढरू, बदक आणि कोंबडा. ऑक्टोबरात दोराला बांधून माणूस. सुटा माणूस 21 नोव्हेंबरला. त्यांचा धंदा कागदाचा होता, आमचा लोखंडाचा, तेवढाच फरक धरा.

आता पुराचं. माझी बहीण चिखलीला दिली आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 च्या वर गेलं, तेव्हा ती मंडळी दीड दिवस स्लॅबवर होती. फोनवर ती फक्त एवढंच म्हणाली, "दादा, म्हशी सोडल्या." 2021 ला परत तेच. फुग्याचा विचार माझ्या डोक्यात तिथूनच शिरला, हे खरं. पण एका पुढाऱ्यांनी मध्यंतरी आमच्या शेडमध्ये येऊन 'पूरग्रस्तांसाठी कोल्हापुरी फुगा' असा फलक लावायची तयारी दाखवली, तेव्हा मी हात जोडले. त्या पावसात फुगा उडत नाही. कापड भिजलं की जड होतं, वारा झोडपतो, बर्नर पेटला तरी दोर कुणी धरायचे? पुरात माणसं बोटीनं आणि हेलिकॉप्टरनंच निघणार. आमच्या फुग्याच्या नावावर एकही बोट कमी खरेदी होऊ नये, हे मी इथं छापील सांगतो.

मग उपयोग कशाला? सुटा फुगा वारा नेईल तिकडे जातो. 1870 च्या वेढ्यात पॅरिसमधून साठाहून जास्त फुगे बाहेर पडले, गॅसचे होते ते, लाखो पत्रं घेऊन गेले. उत्तरं मात्र कबुतरांनी आणली, कारण फुगा परत आणता येत नव्हता. आपल्या गावात कबुतरवाल्यांना हे सांगितलं की त्यांची छाती दोन इंच फुगते. आमचा विचार दोरावर चालणाऱ्या फुग्याचा आहे. अमेरिकेत ओरेगॉनच्या डोंगरात गेल्या शतकाच्या साठच्या दशकात हेलियमचे फुगे तारदोरांना लावून तोडलेले ओंडके उतारावरून काढले. वजन फुगा पेलायचा, दिशा दोर द्यायचा. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडे असे धनगरवाडे आहेत जिथं आजही आजारी माणूस डालग्यात नाहीतर झोळीत घालून खाली आणतात आणि सिमेंटचं पोतं डोक्यावरून वर जातं. हिवाळ्याच्या शांत पहाटे, खालून वर ताणलेल्या दोरावर, एका खेपेला 60-70 किलो. जमेल का? मला वाटतं माल जमेल, माणसाचं मन अजून होत नाही. मास्तरांना तर मालही जमणार नाही असं वाटतं. दरीतला वारा पहाटे खाली वाहतो, तो फुग्याला उताराला घासवेल असं त्यांचं म्हणणं. आमचं भांडण दोन वर्षं चालू आहे आणि ते कागदावर मिटत नाही. गायरानात आधी सपाटीवर मोजू, मग डोंगराचं बोलू.

याच गावात 1918 च्या सुमारास बाबूराव पेंटर आणि त्यांच्या मंडळींनी स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनवला. त्यांना कुणाचं ना-हरकत लागलं होतं का, ठाऊक नाही. आम्हाला लागतं आणि लागावं, कारण कॅमेरा कुणाच्या अंगावर पडत नव्हता.

तर मागणं इतकंच आहे. नोव्हेंबरच्या आत एक बैठक लावा. पोलीस, अग्निशमन, महावितरण, विमानतळ, पुरवठा, महसूल. तासभर पुरे. आम्ही कापडाचा तुकडा, शिवणीचा नमुना, हिशेबाची वही घेऊन येतो. मास्तर फळा लागेल म्हणतात, तो आम्ही आणू. त्यानंतर परवानगी द्या किंवा नकार द्या, पण कारणासकट लेखी द्या. नकारात दोर कमी पडतो असं कारण असेल तर दोर बदलू. जागा चुकीची असेल तर जागा बदलू. 'वरून विचारून सांगतो' याला मात्र आम्हाला काही बदलता येत नाही.

आपला,
उद्यमनगरातला एक वर्कशॉपवाला

ता. क. : बास्केट बुरूड गल्लीतल्या एका आजोबांनी वेताची विणली आहे. लोखंडाची मी दोन दिवसांत केली असती, पण उतरताना आपटली की लोखंड वाकतं आणि वेत धक्का खाऊन परत सरळ होतो. "ह्यात काय घालायचं?" त्यांनी विचारलं. "माणूस," म्हटलं. ते जरा थांबले आणि म्हणाले, "मग आतनं धरायला कानं पायजेत." नकाशात ते आमच्याकडून राहून गेलं होतं. चार कान त्यांनी पदरचे वेत घालून केले. सध्या बास्केट त्यांच्याच सोप्यात आहे, नात त्यात बसून अभ्यास करते आणि दिवाळीला पाहुणे यायच्या आत ती उचला असा आजींचा निरोप आहे.