जंतांचा प्रवास मुलांना डोळ्यांनी दाखवू या : मदतीचे आवाहन

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळांसाठी गोलकृमी, अंकुशकृमी आणि हिवताप यांवर प्रत्येकी ३ मिनिटांचे ॲनिमेशन तयार करायचे आहे. १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाआधी, म्हणजे मुलांच्या हातात अल्बेंडाझोलची गोळी पडण्याआधी, ते वर्गात दाखवता यावे, यासाठी ही कळकळीची विनंती.

गूळ खाल्ला की जंत होतात, असे आपल्याकडे घरोघर ऐकू येते. ते खरे नाही. गोलकृमीची मादी दिवसाला २ लाखांपर्यंत अंडी घालते, पण ती पोटात उबत नाहीत. शौचावाटे मातीत पडून, दोन-तीन आठवड्यांनी आत अळी तयार झाली, तरच त्यांची लागण होते. पोटात जितके गोलकृमी, निदान तितकी अंडी बाहेरून तोंडात गेलेली. हिवतापाचे नेमके उलटे. यकृताच्या पेशीत शिरलेल्या एका परजीवीचे हजारो होतात आणि मग ते रक्तातल्या तांबड्या पेशींवर तुटून पडतात. पुस्तकातल्या जीवनचक्राच्या गोल आकृतीत दोन्हीकडे सारखेच बाण. मुले बाण पाठ करतात, फरक निसटतो.

सर्वांत निकड अंकुशकृमीची. बांधावरच्या सावलीतल्या ओल्या मातीत त्याची अर्ध्या मिलिमीटरची अळी असते. अनवाणी पायाच्या बोटांमधून ती शिरते, तिथे खाज सुटते. मग रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, गिळली की लहान आतड्यात. पूर्ण वाढलेला कृमी जेमतेम सेंटिमीटरभर, भाताच्या दाण्याएवढा. म्हणून चित्रात शेजारी भाताचा दाणाच ठेवायचा. दात विचकणारा राक्षस काढला की मुले हसतात आणि ही गोष्ट आपल्या पायाखालची आहे, हे विसरतात. गोळी आतड्यातले जंत मारते, मातीतल्या अळ्या नव्हे, हेही त्यातच दिसले पाहिजे. नाहीतर 'पुन्हा गोळी कशाला?' हा प्रश्न उरतोच.

सेकंदाला १२ चित्रे धरली तर एका ॲनिमेशनला २,१६० चित्रे लागतात. पार्श्वभूमी एकदाच काढली तरी काम मोठे आहे. क्रिटा आणि ब्लेंडर ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. हवे आहेत ते टॅब्लेटवर चित्रे काढणारे हात. आवाज इथल्याच बोलीतला, सावकाश बोलणारा हवा. कच्ची चित्रे तपासायला सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक किंवा डॉक्टर हवेत, कारण रंग भरल्यावर सापडलेली चूक सगळे काम पुन्हा करायला लावते.

वस्तूंमध्ये किमान ३,००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचे माप) चालू प्रोजेक्टर, स्पीकर आणि खिडक्यांना लावायला जाड काळे कापड द्यावे. भर दुपारी उजेडाच्या वर्गात चित्र पुसट दिसते. जांबोटी, कणकुंबीकडच्या शाळांत नेटच्या भरवशावर राहता येत नाही, म्हणून पेनड्राइव्हही लागतील. ते एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असावेत. बरेच प्रोजेक्टर दुसरी पद्धत वाचत नाहीत.

मदत करू इच्छिणाऱ्यांनी आपल्या गावच्या शाळेत मुख्याध्यापकांकडे नाव नोंदवावे. रोख देणगीची पावती त्याच वेळी मागून घ्यावी. जुना प्रोजेक्टर देताना त्याची केबल आणि रिमोट आठवणीने सोबत द्यावा.