दुसरं लग्न म्हणून अर्धा आहेर नको

बाळा,

काल फोनवर तू घाईत होतास, मागे स्टेशनची अनाउन्समेंट चालू होती म्हणून मी जास्त बोलले नाही. पण तुझ्या मावसबहिणीच्या, आपल्या ताईच्या या दुसऱ्या लग्नाबद्दल तू जे विचारलंस ना, "आई, ताईच्या पहिल्या लग्नात आपण आहेर केलेलाच आहे, आता परत करायचा का, की नुसतं छोटं पाकीट चालेल," ते रात्रभर डोक्यातून जाईना. रागावले नाहीये हां, विचारलंस ते बरंच केलंस. पण हे फोनवर मावणारं नाही म्हणून लिहितेय, मेसेज लांबला तरी शेवटपर्यंत वाच आणि सूनबाईलाही दे वाचायला.

आधी उत्तर देते. हो, आहेर करायचा आणि पूर्ण करायचा. मी आज सकाळी ट्रंकेतून आपली आहेराची वही काढली, २०१४ च्या पानावर आहे, ताईला साडी आणि १००१, मावशीला साडी, काकांना टॉवेल-टोपी. तू म्हणतोस तो हिशोब त्या वहीचा आहे, दिलं, नोंदलं, फिटलं. पण आहेर आपण घर उभं करणाऱ्या दोन माणसांना करतो ना रे, आणि हे घर नवीन आहे, भावोजी नवीन आहेत, त्यांच्या हातावर आपण अजून एक सुपारीसुद्धा ठेवलेली नाही.

मी हे एवढं ठासून सांगतेय त्याला कारण आहे. तू तिसरी-चौथीत असशील, वाडीतल्या एका बाईंचं दुसरं लग्न होतं, नवरा वारलेला, पदरात मुलगी. माझ्याशी त्यांचं चांगलं येणंजाणं होतं. मी गेले, पण १०१ च्या जागी ५१ घातले पाकिटात, कारण सगळ्याच बायका म्हणाल्या की दुसरेपणाचं आहे, कशाला जास्त. जेवले आणि मुलाची शाळा आहे सांगून निघाले, त्यांना धड भेटलेसुद्धा नाही. त्या मांडवाच्या खांबाशी उभ्या राहून बघत होत्या कोण कोण थांबतंय ते. ते डोळे मला बाबा गेल्यावर आठवायला लागले, आधी नाही आठवले, हे मला फार लागतं.

आणि आपण राहतो कुठे तर दापोलीत, मुरूड इथून जेमतेम अर्ध्या तासावर. त्याच मुरूडच्या अण्णांनी, म्हणजे महर्षी कर्व्यांनी, १८९३ मध्ये गोदूबाईंशी लग्न केलं, त्या विधवा होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या, तर गावाने त्यांना वाळीत टाकलं. विधवेच्या लग्नाचा कायदा १८५६ चा, म्हणजे कायदा होऊन ३७ वर्षं झाली होती तरी पंगतीला बसवायला माणसं तयार नव्हती. पुढे १९५८ मध्ये त्याच अण्णांना भारतरत्न मिळालं. दुसऱ्या समाजांत पाट लावायची, म्होतराची, म्हणजे विधवेच्या पुनर्विवाहाची रीत जुनी, पण तेसुद्धा रात्रीचं, गुपचूप, सवाष्णींनी बघायचं नाही असं. आणि शब्द बघ आपले, पुरुषाला बिजवर म्हणतात आणि विषय संपतो, बाईला मात्र "पाटाची" हे जन्मभर चिकटतं. म्हणून हे लग्न भरदुपारी, खळ्यात मांडव घालून होतंय याचं मला एवढं अप्रूप आहे.

आता द्यायचं काय. भांडी, कुकर, डिनर सेट, घड्याळ यातलं काही नको. दोन मोडलेले संसार एकत्र येतायत, दोन मिक्सर, दोन कपाटं आधीच आहेत, मावशी म्हणत होती की ठेवायचं कुठे तेच कळत नाहीये. आणि आपल्याकडे आलेला आहेर फिरवून तर अजिबात द्यायचा नाही, इतर वेळी चालवून घेतात लोक, इथे ती वस्तू बघून ताईला वाटेल की आपल्याला उरलंसुरलं दिलं. पाकीट करा, २००१ घाला, तुमची ऐपत आहे आता. पाकिटावर नाव घालताना दोघांची नावं लिही, आडनाव नकोच, ती कुठलं लावणार ते तिचं तिने ठरवू दे.

आणि मी एक कलम सांगून ठेवलंय आपल्या कृषी विद्यापीठाच्या नर्सरीत, रत्ना आंब्याचं. हापूस आणि नीलमचा संकर, १९८१ ला विद्यापीठाच्याच वेंगुर्ल्याच्या केंद्रात काढलेली जात, हापूससारखा साका होत नाही त्याच्यात, म्हणजे आतला गर खराब निघत नाही, आणि दरवर्षी धरतो. लग्न मे मध्ये आहे, तोवर पिशवीतच राहू दे, पाऊस लागला की भावोजींच्या परड्यात लावतील. दुसऱ्या झाडापासून दहा मीटर जागा सोडा म्हणून मी त्यांना आधीच कळवलंय.

ते कलम ताईच्या छोट्याच्या हातात द्यायचं, हे लक्षात ठेव. सगळे येऊन नवरा-नवरीला देणार, आणि तो नऊ वर्षांचा पोरगा बाजूला उभा राहून आईकडे बघत बसणार. त्याच्यासाठी वेगळं पाकीट कर, त्यावर त्याचंच नाव, वडिलांच्या नावासकट जसं शाळेत आहे तसं. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांतला भोवरा मी आणलाय, तो तू द्यायचास. आणि "नवीन बाबा आवडले का" हे कोणीही विचारायचं नाही, सूनबाईलाही सांग, माया म्हणूनच विचारतात लोक पण पोराला उत्तर देता येत नाही. २०२१ ला वडील गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता, त्याला ते आठवतात. भिंतीवर त्यांचा फोटो आहे आणि राहणार आहे, भावोजींनीच तसं सांगितलंय.

ताईच्या आधीच्या सासूबाई आणि सासरे पण येणारेत. हे लग्न जमवण्यात सासूबाईंचाच पुढाकार, मुलगा गेलेली बाई सुनेला मुलगी म्हणून पाठवतेय. त्यांच्याजवळ जाऊन बस, एकटं पडू देऊ नकोस त्यांना, पानावर आग्रह कर. पहिल्यांदा वाकून नमस्कार त्यांना करायचा. आपण त्यांनाही आहेर करायचा, साडी मी घेऊन ठेवलीय, आणि सासऱ्यांना धोतरजोडी. मुलाच्या आठवणी काढल्याच त्यांनी तर ऐकून घे, विषय बदलू नकोस. आपण होऊन मात्र काढायचा नाही.

बोलण्याचं एवढंच बघ. "बरं झालं बाई, मार्गाला लागली," "आता तरी सुख लागू दे," असलं काही नको, नेहमीसारखं "अभिनंदन" म्हण, चेष्टा कर, उखाणा मागा. "दुसरे भावोजी" म्हणून ओळख करून द्यायची नाही, नुसतं भावोजी. त्यांचाही घटस्फोट झालेला आहे, तो का झाला हे कोणी तुझ्या कानात सांगायला आलं तर उठून पाणी आण. फोटो काढ हवे तेवढे पण स्टेटसला टाकायच्या आधी ताईला विचार. आणि साठच माणसं बोलावलीत, आचाऱ्याला तेवढंच सांगितलंय, तेव्हा तुझा तो मित्र आयत्या वेळी बरोबर आणू नकोस.

एक गोष्ट तुला फोनवर सांगायचा धीर झाला नाही. ताईचा परवा फोन आला, म्हणाली मावशी, माझी ओटी तू भरायचीस, सगळ्यात आधी. मी म्हटलं अगं मी कशी भरणार, सवाष्णी असतील की. तर म्हणाली, पाच वर्षं माझी ओटी कोणी भरली नाही, तेव्हा तू दर दिवाळीला साडी घेऊन आलीस, बाकीच्या कुठे होत्या. मला काही बोलताच येईना. तिकडे कोल्हापुरात हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, मग सरकारनेही परिपत्रक काढलं, ते मी पेपरात वाचलेलं, पण हळदीकुंकवाच्या ताटाला हात लावायचं म्हटलं की माझा हात अजून मागे येतो रे. बाबा गेल्यापासून मी कोणाची ओटी भरलेली नाही.

मी हो म्हटलंय तिला. खण आणि नारळ आणलाय, तांदूळ घरचे आहेत. तू तेव्हा माझ्या शेजारी उभा राहा, पंगतीचं वाढायला वगैरे पळू नकोस.

मांडवी एक्सप्रेसचं तिकीट मिळालं तर खेडला उतर, तिथून एसटी आहेच. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोच, कलम नर्सरीतून आणायचंय आणि ते मला उचलवत नाही.

तुझी,
आई