गावातल्या डॉक्टरला पुढचं शिकवणार कोण? वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना सोलापूर जिल्ह्यातून खुलं पत्र

मा. मंत्री साहेब,
नमस्कार.

मोहोळ तालुक्यात माझं मेडिकल आहे, मी काही डॉक्टर नाही पण दिवसभर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या हातात असतात आणि त्यावरून बरंच कळतं. शुगरची चिठ्ठी एकदा लिहिली की वर्षानुवर्षं तीच चालते, म्हातारी सत्तरीला आली तरी तीच ग्लिबेनक्लामाइड (शुगर उतरवणारी जुनी गोळी), मग एखाद्या दिवशी जेवण चुकलं की शुगर एकदम उतरून घाम फुटून पडते आणि घरचे म्हणतात ऊन लागलं असंल. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) क्वचित सांगतात, किडनीसाठी लघवीतलं प्रोटीन त्याहून क्वचित, आणि पाय तपासणं तर विचारूच नका. अहो इथली माणसं वारीत अनवाणी पंढरपूर गाठतात, शुगरनं पाय बधिर झालाय हे फोड चिघळल्यावर कळतं!

डॉक्टरांना नावं ठेवत नाही. पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) एमओला, म्हणजे तिथल्या डॉक्टरला, ओपीडी, लसीकरण, मीटिंगा, रिपोर्ट, त्यात नवीन काय आलं ते वाचणार कधी? मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत ३० क्रेडिट, म्हणजे पुढचं शिकल्याचे गुण, लागतात, ते हॉटेलातल्या कॉन्फरन्समध्ये बसूनही मिळतात (जेवण झकास असतं म्हणे).

अमेरिकेतल्या ओहायोत २०१७ पासून तिथली सात मेडिकल कॉलेजं डॉक्टरांना हार्ट आणि डायबेटिसचं नवीन शिकवायला एकत्र आलीत, पैसा गरिबांच्या मेडिकेड योजनेचं खातं देतं. व्हिडिओवर डॉक्टर आपला अडलेला पेशंट नाव न सांगता मांडतो आणि कॉलेजातले तज्ज्ञ त्यावर सगळ्यांसमोर बोलतात, म्हणजे एका केसवर बाकीचेही शिकतात. ही पद्धत मुळात २००३ला न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी हिपॅटायटिस सी साठी काढली, ईको म्हणतात तिला, म्हणजे आपल्याच माणसाची आयडिया.

आपल्याकडं काय कमी आहे? सोलापूरचं वैशंपायन कॉलेज, मिरज, लातूर, धाराशिव, सगळी सरकारी. बीपीचा प्रोटोकॉलही आहे, २०१७ला आयएचसीआय (बीपी आटोक्यात ठेवायचा सरकारी कार्यक्रम) सुरू झालं तेव्हा पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. अडतं ते खात्यांमध्ये, कॉलेज आणि सिव्हिल तुमच्याकडं, पीएचसी आरोग्य खात्याकडं, आणि पेशंट मात्र दोन्हीकडं तोच.

तर या चार कॉलेजांनी मिळून आठवड्याला असाच व्हिडिओवर एक तास घ्यावा, मराठीत, नर्स, सीएचओ (उपकेंद्रातले आरोग्य अधिकारी) आणि आम्हा फार्मासिस्टांनाही बसवून, कारण फ्रिज नसलेल्या घरात इन्सुलिन मातीच्या माठात कसं ठेवायचं हे आम्हालाच विचारतात. क्रेडिट त्या तासाला द्या. आणि पीएचसीत शुगरची मेटफॉर्मिन, बीपीची अॅम्लोडिपिन संपू देऊ नका, नाहीतर शिकून काय करणार, चिठ्ठी घेऊन शेवटी माझ्याकडंच येणार, माझा धंदा होईल पण बिडी वळून पोट भरणाऱ्या बाईला ते परवडत नाही.

जीआर दोन्ही खात्यांचा मिळून काढा साहेब. एकट्या तुमच्या खात्याचा निघाला तर नेमक्या त्याच तासाला एमओला झेडपीत मीटिंग लागेल.

आपला,
मोहोळचा एक मेडिकलवाला